डोमकावळ्याचे चित्र कोणाचे?

आमच्या अमेरिकेतील एका आप्तांना हाताने पत्र लिहिण्याची खोड अजून आहे. सारे जग फोनवर बोलत असता हे गृहस्थ दर सणाला चार पानी पत्र धाडतात. मजकूर ठरलेला असतो: कोणाचे लग्न जमले, कोणाचे गुडघे धरले, बिरड्यासाठी तिकडे चांगले वाल मिळत नाहीत. मागील खेपेस मात्र पत्रापेक्षा पाकिटानेच आमचे लक्ष वेधले. त्यावरील टपाल तिकिटावर एक डोमकावळा होता. पण तो आपल्या खिडकीवर येणारा नव्हे. जाड होत जाणाऱ्या, मग बारीक होत जाणाऱ्या वळणदार रेषांनी तो बांधलेला होता. पंखात डोळ्यासारखे आकार, डोळ्यात पुन्हा आकार. घरातील लहान मुलाने विचारले, "हे चित्र आहे की अक्षर?" आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता जे वाचले, पाहिले आणि मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे तिकीट अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२१ साली काढले. चित्रकाराचे नाव रिको वर्ल. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर, जेथे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि पाऊस आपल्या कोकणाची आठवण करून देतो, तेथील त्लिंगिट लोकांपैकी तो एक. त्लिंगिट चित्रकाराने केलेले अमेरिकेचे हे पहिलेच टपाल तिकीट. वर्ल, त्याची बहीण क्रिस्टल आणि आणखी काही त्लिंगिट कलावंत आज आपल्या घराण्याच्या वारशातून नवी चित्रे काढीत आहेत. त्या चित्रांचे गुणदोष पाहायचे तर आधी त्या लोकांची घरे कशी असतात हे समजले पाहिजे, कारण तेथे चित्र घराचे असते.

त्लिंगिट समाजाचे दोन पक्ष आहेत: एक डोमकावळ्याचा, दुसरा गरुडाचा. लग्न आपल्या पक्षात करायचे नाही, दुसऱ्या पक्षात करायचे, ही जुनी रीत. प्रत्येक पक्षात अनेक कुळे, प्रत्येक कुळात घरे. मूल आईच्या कुळाचे, बापाच्या नव्हे. कुळाला आपली चिन्हे असतात: कोणाचा रावस जातीचा लाल मासा, कोणाचा बेडूक, कोणाचा देवमासा. कोकणात आपल्या शेजाऱ्यांच्या घरी लग्नात देवक बसवीत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची थोडी कल्पना येईल. पण त्लिंगिटांचे चिन्ह त्याहून पुढे जाते. चिन्ह, त्यामागील कथा, गाणे, नावे, जमीन ही सारी कुळाची मिळकत. तिला ते 'अत्ऊ' म्हणतात. ही मिळकत पूर्वजांनी काही किंमत देऊन, कधी प्राण देऊन, मिळवलेली असते आणि दुसऱ्या पक्षाच्या पाहुण्यांना साक्षीला बोलावून, त्यांना देणग्या देऊन, ती जाहीर केलेली असते. ज्या कुळाची ती नाही, त्याने ती वापरायची नाही.

येथे आपल्यापैकी कोणी भिवया उंचावतील. पशुपक्ष्यांच्या आकृती कोरलेले ते उंच खांब, ती मूर्तिपूजाच नव्हे काय? एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या मिशनरी मंडळींपैकी पुष्कळांचाही तसाच समज झाला होता. तो चुकीचा होता. त्या खांबांची पूजा कधी होत नसे. कोणत्या घराचे कोण, कोणत्या प्रसंगी काय घडले, कोणाचे स्मरण ठेवायचे, याची ती लाकडात लिहिलेली वंशावळ होती. लहान मुलाचा "चित्र की अक्षर" हा प्रश्न आम्हाला बरोबर वाटला, तो यासाठी.

जुन्या काळी चित्र काढण्याचे कामही साधे नव्हते. काळा रंग कोळशापासून, तांबडा गेरूसारख्या मातीपासून, निळसर हिरवा तांब्याच्या अंशाच्या खनिजापासून. रंग लाकडाला धरून राहावा म्हणून रावस माशाची अंडी देवदाराच्या सालीबरोबर चावून त्या रसात तो कालवीत. म्हणजे ज्या माशावर पोट भरायचे, त्याच्याच अंड्यांनी चित्र टिकायचे. रेषेचे नियम कडक. मुख्य रेषा काळी. ती सारी आकृती अखंड फिरून बांधते. दुसरी तांबडी, तिच्या आतली. तिसरी निळी-हिरवी, उरलेल्या जागेत. कोपरे गोल केलेला लांबट चौकोन आणि इंग्रजी यू अक्षरासारखा वाकलेला आकार, एवढ्या मोजक्या सामानात अख्खा देवमासा मावतो.

हे रेखाकाम व कोरीव काम पुरुषांचे होते. बायका टोपल्या व वस्त्रे विणीत. चिल्कट नावाचे जे प्रसिद्ध वस्त्र आहे, ते डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत देवदाराची साल वळून स्त्रिया विणत. पण त्याचा नमुना पुरुष फळीवर रंगवून देई. नमुना दोन्ही बाजूंना सारखा असल्याने तो फळीवर बहुधा अर्धाच रंगवी. उरलेला अर्धा विणणारणीने मनाने पुरा करायचा. ही अर्धी फळी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आता घरातील चित्राचे काय मोल असते, ते एका खऱ्या हकिकतीवरून सांगतो. चिल्कट नदीकाठी क्लुक्वान नावाचे गाव आहे. तेथे गानख्तेदी कुळाचे 'देवमाशाचे घर' होते. घरात चार कोरीव खांब आणि त्यांच्यामागे देवदाराच्या फळ्यांचा मोठा रंगविलेला पडदा. मध्ये एक विशाल आकृती, भोवती लहान लहान आकृत्या. ते पावसाचे उडणारे थेंब, असे सांगतात. या कलेतील ही सर्वांत थोर कामे, असे जाणकार मानतात. त्या घराच्या प्रमुखाचा मुलगा लुई शॉट्रिज शिकला, फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात नोकरीस लागला, आणि १९२० च्या दशकात आपल्या वडिलांच्या घरातील त्या वस्तू संग्रहालयासाठी मागू लागला. त्याचे म्हणणे असे की, गावात त्या कुजतील, संग्रहालयात राहतील आणि जगाला आमची थोरवी कळेल. कुळाने नकार दिला. मुलगा असलास तरी तू आईच्या कुळाचा. हे घर तुझ्या बापाच्या बहिणीच्या मुलांकडे जाते, तुझ्याकडे नाही.

पुढे १९८४ साली घराण्यातील काही मंडळी आणि एक कलावस्तूंचा व्यापारी यांच्या व्यवहारातून ते खांब व तो पडदा गावाबाहेर गेलेच. पण १९७६ सालीच गावाने ठराव केला होता की, अशी वस्तू गावाच्या परवानगीवाचून बाहेर न्यायची नाही. खटला उभा राहिला आणि जवळजवळ दहा वर्षे चालला. अखेर १९९३ मध्ये गावाच्याच न्यायालयाने निकाल दिला की, ही मिळकत सगळ्या कुळाची आहे, ती विकण्याचा अधिकार कोणा एकाला नाही. १९९४ मध्ये त्या वस्तू क्लुक्वानला परत आल्या.

आम्ही शॉट्रिजला खलनायक म्हणणार नाही. परदेशी स्थायिक झालेल्या कोणालाही त्याची तळमळ समजेल. मागे राहिलेले सारे मोडून पडणार, म्हणून जे उचलता येईल ते उचलून सुरक्षित जागी ठेवावे, हा विचार आपल्याही मनात येतो. परंतु कुळाचे उत्तरही विसरता येत नाही. चित्र जपायचे ते कोणासाठी, आणि कोणाच्या संमतीने? आजच्या त्लिंगिट चित्रकारांची पारख आम्ही याच प्रश्नाने करणार आहोत. चित्र किती जुन्या धर्तीचे आहे किंवा किती नवे आहे, यापेक्षा ते आपल्या घराला ओळखते की नाही हे पाहावे, असे आमचे मत झाले आहे.

मधल्या काळात त्या लोकांवर काय गुजरले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८८२ साली अमेरिकन नौदलाने अंगून या गावावर तोफा डागून घरे, होड्या आणि हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न नष्ट केले. त्याबद्दल नौदलाने माफी मागितली ती २०२४ साली, म्हणजे १४२ वर्षांनी. शाळांतून मुलांना आपली भाषा बोलू देत नसत. पाहुण्यांना देणग्या देण्याचे समारंभ रानटी ठरविण्यात आले. समारंभ गेले की साक्षीदार गेले, साक्षीदार गेले की चित्राला बोलावणारेच उरले नाहीत. नमुने उरले ते संग्रहालयांच्या कपाटात आणि प्रवाशांसाठी थाटलेल्या दुकानात.

मग १९६५ साली सिएटलच्या बिल होम या गृहस्थांनी एक पुस्तक लिहिले. ते स्वतः त्लिंगिट नव्हते. संग्रहालयांतील जुनी कामे बारकाईने तपासून त्यांनी या रेषेचे जणू व्याकरण मांडले. गंमत अशी की, नातवंडांना आपल्या आजोबांच्या रेषेचे नियम पुष्कळदा या परक्या माणसाच्या पुस्तकातून शिकावे लागले. त्याबद्दल कृतज्ञच असावे. पण पुस्तकातून शिकलेल्या भाषेला जो दोष येतो तो येथेही आला. व्याकरण शुद्ध, बोलणारा मुका! होम यांचे नियम पाळून काढलेली कितीतरी चित्रे नीटस असतात आणि काही सांगत नाहीत.

या मुकेपणावर पहिला घाव घातला तो जिम शॉपर्ट याने. जन्म १९४७, जूनो शहरी. आई त्लिंगिट, वडील जर्मन वंशाचे. त्याने लाकडी फळ्यांवर जुन्या धर्तीच्या आकृती कोरल्या, रंगवल्या, आणि मग त्यांचे तुकडे विस्कटून वेगळ्या क्रमाने जोडले. डोळा एका कोपऱ्यात, पंख भलतीकडे. रंगही काळा-तांबडा सोडून फिके, हलके. प्रथमदर्शनी पाहणाऱ्याला वाटते की हा सारा खोडसाळपणा आहे. थोडा वेळ थांबले की मनात येते, ज्या घराचे तुकडे झाले त्या घराचे चित्र अखंड कसे असेल? आईकडून जे मिळाले ते त्याला मोडक्या रूपात मिळाले आणि त्याने ते तसेच दाखवले. आमच्या मते हा प्रामाणिकपणा मोठा आहे. उणेही आहे: तुकड्यांत गुंतलेली नजर मूळ आकृती कोणाची हे विसरते, आणि अखेर सुंदर जुळणी तेवढी उरते. १९९२ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतबाहेर, तो गेला. त्याचा रस्ता पुढे कोठे गेला असता, हे कळण्यास मार्ग राहिला नाही.

आता पाकिटावरील डोमकावळ्याकडे वळू. कथा अशी: एका म्हाताऱ्याने तारे, चंद्र आणि सूर्य पेट्यांत बंद करून ठेवले होते आणि जग अंधारात होते. डोमकाक पाण्यात पडलेले पानाचे बारीक पाते झाला, म्हाताऱ्याच्या मुलीने ते पाण्याबरोबर गिळले, आणि तो तिच्या पोटी नातू होऊन जन्मला. नातवाने रडून रडून एकेक पेटी खेळायला मागितली आणि उजेड जगात सोडला. बहुतेक चित्रकार त्याच्या चोचीत सूर्य दाखवतात. वर्लने तसे केले नाही. नातू पुन्हा पक्षी होऊ लागला आहे, ताऱ्यांसह निसटत आहे, त्या क्षणी त्याने त्याला पकडले आहे. आजोबांच्या घरात लाडका झालेला हा नातू त्या घराचाच ऐवज घेऊन पळतो. आणि तरी जगावर उपकार होतो. वारशातून काही घेणाऱ्या प्रत्येक कलावंताची ही अडचण आहे. इवल्या तिकिटावर ती मांडणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय निवडही शहाणपणाची: डोमकावळ्याची ही कथा त्या किनाऱ्यावरील अनेक जमाती सांगतात, त्यामुळे एका कुळाचे गुपित चव्हाट्यावर आणल्याचा दोष येत नाही. आमची तक्रार एवढीच की, रेषा इतकी सफाईदार झाली आहे की ती एखाद्या कंपनीच्या छापासारखी दिसू लागते. हाताचा कंप कोठे तरी दिसला असता तर बरे वाटले असते.

क्रिस्टल वर्लचे काम याच्या उलट, भिंतभर. जूनोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीवर, बंदराच्या बाजूस, तिने २०२१ साली एलिझाबेथ पेराट्रोविच या बाईंचे चित्र काढले. या बाईंनी १९४५ साली अलास्काच्या विधिमंडळापुढे साक्ष दिली आणि दुकाने-हॉटेलांत मूळ रहिवाशांना मज्जाव करण्याविरुद्धचा कायदा झाला. अमेरिकेच्या दक्षिणेत असे कायदे होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. चित्रात बाईंचा तोंडवळा हुबेहूब, छायाचित्रासारखा. सोबत जुन्या रेषेतील डोमकावळा आणि लाल रावस. हे प्राणी शोभेचे नाहीत. डोमकावळा हा बाईंचा पक्ष, लाल रावस हे त्यांच्या लुकाखादी कुळाचे चिन्ह. आणि चितारणारी क्रिस्टल त्याच कुळाची. म्हणजे आत्याने-मावशीने भाचीला ओळखावे तसे हे चित्र आहे. ज्या शहरात एके काळी दारावर 'तुम्हाला प्रवेश नाही' अशा पाट्या होत्या, तेथे आज बोटीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला प्रथम घरची बाई दिसते. चित्रकलेच्या बाजूने पाहता चेहरा एका पद्धतीचा आणि रेषा दुसऱ्या पद्धतीची, ही दोन माणसे लग्नातील दोन्हीकडच्या वऱ्हाडासारखी शेजारी उभी आहेत, अजून एक झालेली नाहीत. परंतु पूर्वी जे काम पुरुषांचे मानले जाई ते एक मुलगी भिंतीवर करीत आहे, हेही विसरू नये.

तिनेच २०२३ साली एका विमानावर रावस मासा रंगविण्यासाठी रेखाटला आणि विमानाला त्लिंगिट भाषेतील नाव मिळाले. त्याचा अर्थ 'रावस लोक'. येथे आमचे मन द्विधा झाले. मासा पाण्यात धावतो तसा आकाशात धावला, ही कल्पना उमदी. पण जाहिरात कोठे संपते आणि कुळाचे चिन्ह कोठे सुरू होते, हे विमानाकडे पाहून सांगता येत नाही. क्लुक्वानच्या पडद्याला गाव साक्षी होते. विमानाला साक्षी कोण?

तिसरे नाव मिकेला गोड यांचे. या सिटकाच्या किक्सादी कुळातील. मुलांच्या पुस्तकांतील चित्रांसाठी अमेरिकेत जे काल्डेकॉट पदक दिले जाते, ते २०२१ साली त्यांना मिळाले. मूळ अमेरिकन वंशाच्या चित्रकाराला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. परंतु आम्हाला त्यांचे २०२२ चे 'बेरी साँग' हे पुस्तक अधिक भावले, कारण त्यात शब्दही त्यांचेच आहेत. नात आणि आजी समुद्रकाठी व रानात अन्न गोळा करतात. फळे वेचताना गातात, म्हणजे अस्वलांना चाहूल लागते आणि रानाशी बोलणेही होते. मिळाल्याबद्दल आभार मानतात. चित्रे पाण्याच्या रंगांची, धुके आणि ओलावा यांनी भिजलेली. काळी मुख्य रेषा जवळजवळ नाहीच. एखादा कडवा परीक्षक म्हणेल, यात त्लिंगिट ते काय? आम्ही म्हणू, सर्वांत जास्त यातच आहे. त्यांनी कोणाचे चिन्ह उचलले नाही, आजी उचलली. आजी काय वेचते, कशी वेचते, काय म्हणते, हे प्रत्येक पानावर आहे, आणि शेवटी ती नात धाकट्या बहिणीचा हात धरते. वारसा पुढे जाताना कसा दिसतो, हे आम्ही इतक्या साधेपणाने रंगविलेले क्वचित पाहिले आहे. दोष काढायचाच तर असा की, सारे फार गोड आहे. अंगूनच्या तोफांचा धूर त्या धुक्यात कोठेच नाही. लहान मुलांचे पुस्तक म्हणून तो माफ करू.

हे सारे हक्काचे बोलणे निव्वळ जुन्या रीतींचे कौतुक नव्हे. त्यात रोकड प्रश्नही आहे. क्लॅरिसा रिझाल या त्लिंगिट कलावती चित्रे काढीत आणि विणीतही. १९८० च्या दशकात त्या जेनी थ्लुनॉट या वृद्ध विणकर बाईंकडे शिकल्या. जेनीबाई १९८६ मध्ये वारल्या, तेव्हा ही विद्या जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. रिझाल २०१६ मध्ये गेल्या. नंतर एका मोठ्या अमेरिकन दुकानाने २,५५५ डॉलर किमतीचा एक कोट विक्रीस काढला. त्यावरील नमुना रिझालबाईंनी विणलेल्या एका वस्त्रावरून घेतला आहे, असा दावा त्यांच्या वारसांच्या वतीने जूनोच्या सीअलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये न्यायालयात केला. २०२१ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. कायदा एका व्यक्तीच्या नावाची मालकी ओळखतो. कुळाच्या मालकीसाठी त्याच्याजवळ नीटसा रकाना नाही. म्हणूनच त्लिंगिट चित्रकाराला कायद्यापेक्षा आपल्या मावश्या आणि मामा यांचे भय जास्त असते, आणि आम्हाला वाटते ते बरेच आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. हक्क आईकडून येत असेल, तर ज्याची आई परकी आहे त्याने काय करावे? ज्याचे कागद हरवले, जो दूरच्या शहरात वाढला, ज्याच्या आजीने भीतीने आपले कुळ कधी सांगितलेच नाही, त्याने ब्रश खाली ठेवावा काय? त्लिंगिटांकडे याला उत्तर आहे: कुळ अशा माणसाला दत्तक घेऊ शकते, नाव देऊ शकते. पण ते नाव जाहीरपणे, साक्षीदारांसमोर दिले जाते आणि घेणाऱ्यावर जबाबदारी येते. दार बंद नाही. पण वाजवावे लागते. वाचकहो, "तुझी आई कोण, आजी कोण?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९६२ पासून दोन वर्षे या देशात लग्नाच्या वेळी आपल्या समाजाला तो विचारला गेला, आणि त्याचा डंख वडीलधाऱ्यांना आठवतो. तोच प्रश्न अपमान करण्यासाठी विचारता येतो आणि जवळ घेण्यासाठीही विचारता येतो. फरक विचारणाऱ्याच्या हेतूत आहे.

आपल्यातही वारशातून चित्रे काढणारी एक समर्थ चित्रकर्ती आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून हा लेख अपुरा राहील. सियोना बेंजामिन, जन्म १९६० चा, मुंबईचा, शिक्षण जे. जे. कलाशाळेत व पुढे अमेरिकेत, वास्तव्य अमेरिकेतच. त्यांच्या चित्रांतील निळ्या अंगाच्या स्त्रिया पुष्कळांनी पाहिल्या असतील. जुन्या लघुचित्रांची धाटणी, शेजारधर्मांतील देवदेवतांची छाया, तोराहमधील स्त्रिया आणि अमेरिकेतील रंगीत चित्रकथा हे सारे त्यात एकत्र येते. त्यातील कसब वादातीत आहे. पण त्लिंगिटांचा प्रश्न आम्ही तेथे लावून पाहिला: यात आपल्या घरातले किती, शेजारच्या घरातून आणलेले किती? शेजाऱ्याकडून घेणे हा आपल्या दोन हजार वर्षांच्या राहणीचाच भाग आहे, हे उत्तर खरे आहे. तरीही पुढे २०१०–११ मध्ये भारतात, आणि नंतर येथे इस्राएलमध्ये, त्यांनी आपल्या लोकांना भेटून, त्यांच्या हकिकती ऐकून जे चेहरे रंगविले, ते आम्हाला जास्त मोलाचे वाटतात. तेथे निळी देवता कल्पनेतून आलेली नाही. कोणाची तरी आई, कोणाचे तरी आजोबा समोर बसले आहेत. चित्र आपल्या घराला ओळखते.

आपल्याकडे रंगविलेले पडदे नव्हते, खांबही नव्हते. होती ती आडनावातली गावे, मलिद्याचे ताट, कीर्तनांच्या वह्या आणि पेटीच्या तळाशी ठेवलेले फोटो. आपल्या मुलानातवंडांपैकी कोणी उद्या चित्रकार झाले, तर त्याला यातूनच घ्यावे लागेल. चिल्कट वस्त्राची ती अर्धी फळी येथे आठवते. आधीच्या माणसाने निदान अर्धे तरी स्पष्ट रंगवून ठेवले, तरच पुढचा हात उरलेले पुरे करू शकतो. आपल्या पेट्यांतील कित्येक फोटोंच्या मागे काहीच लिहिलेले नाही. नऊवारीतील ही बाई कोण, हे सांगणारे माणूस गेले की ती बाई कोणाचीच राहत नाही. मग तिचे चित्र कोणीही काढावे आणि कोटावर छापावे.

अमेरिकेतील आप्तांना आम्ही उत्तर धाडले. वालाची सोय कळवली, गुडघ्यांची विचारपूस केली, आणि शेवटी लिहिले की, तुमच्याकडे असलेला आत्याबाईंच्या लग्नाचा मोठा फोटो काढा, त्यातील प्रत्येकाचे नाव, गाव आणि नाते मागे पेन्सिलीने लिहा, आणि न आठवणारे आम्हाला विचारा. आमच्या घरातही तेच काम सुरू केले आहे. ज्या मुलाने चित्र की अक्षर असे विचारले होते, तो नावे लिहून घेतो. आतापर्यंत अकरा माणसे ओळखली आहेत. चार अजून बाकी आहेत.